फुप्फुसाला पूर नको, पाळी हवी

गेल्या महिन्यात धुळ्यात एका वाचनालयाच्या सभागृहात नव्या वैद्यकावर चर्चा झाली. सुरुवात सिकलसेलपासून झाली. नंदुरबारच्या पाड्यांवर हा आजार घरोघरी माहीत आहे, आणि २०२३च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत त्याच्यावर जनुक-संपादनाचा उपचार मंजूर झाल्याची बातमी आता खेड्यातल्या मास्तरांपर्यंत पोचली आहे. मग मागच्या रांगेतून एका मुलीनं विचारलं, रक्ताचा आजार जनुक दुरुस्त करून बरा होतो, तर फुप्फुसाचा का होत नाही? प्रश्न नेमका होता. पुढचा दीड तास मात्र सभागृहात दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं असं, की तंत्र तयार आहे, विषाणूच्या पाठीवर निरोगी जनुक बसवायचं, फुप्फुसात सोडायचं, एका मात्रेत जन्माचा आजार संपला. अडलंय ते फक्त पैशाला आणि सरकारच्या इच्छाशक्तीला. दुसरी बाजू म्हणाली, तीस वर्षं प्रयोग करून हाती भोपळा आला, माणसं मेली, विषाणू शरीरात घालणं हा निसर्गाशी खेळ आहे, आणि जिथे टीबी नि कुपोषण हटत नाही तिथे हे चोचले कशाला? विषाणू फुप्फुसात उतरल्यावर तिथे त्याचं होतं काय, यावर दोन्हींकडून एक वाक्यही आलं नाही.

मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. त्या संध्याकाळी मला बोलायला मिळालं नाही, म्हणून हे लिहितो आहे. माझं म्हणणं असं, की एकमेकांवर तुटून पडलेल्या या दोन्ही बाजू एकाच मोजपट्टीनं मोजत होत्या आणि ती मोजपट्टीच चुकीची आहे. ‘एकदाच आणि कायमचं’ ही ती मोजपट्टी. समर्थक तिच्यावर भाळले आहेत, विरोधक तिच्यावर उपचाराला नापास करतात. फुप्फुसाच्या बाबतीत खरा प्रश्न आहे तो पुन्हापुन्हा देता येईल आणि पुन्हापुन्हा पोचेल अशा औषधाचा. एकदा हे मान्य केलं की तीस वर्षांचा इतिहासही वेगळा दिसू लागतो, आणि खानदेशानं याबाबत काय मागावं हेही स्पष्ट होतं.

मला यात एवढा जीव का, तेही सांगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा जन्मल्यापासून खोकायचा. भूक भरपूर, पण अंगाला लागत नसे. शौचाला तेलकट व्हायचं. एका दवाखान्यात टीबीची औषधं सुरू झाली. जंतू सापडला नव्हता, तरी कोर्स पूर्ण केला. दीड वर्षानं दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तोच कोर्स. त्याची आई प्रत्येक डॉक्टरला सांगायची, “पोऱ्याना मुका लिधा का खारट लागस.” कुणी थांबून ऐकलं नाही. शेवटी मुंबईत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ते वाक्य ऐकलं आणि घामाची तपासणी केली. सिस्टिक फायब्रोसिस. त्या आईनं रोगाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नेमकं लक्षण पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं. या आजारात सीएफटीआर नावाचं एक प्रथिन नीट बनत नाही. ते पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणारं दार आहे. ते बिघडलं की घामात मीठ उरतं आणि फुप्फुसातला कफ डिंकासारखा घट्ट होतो. त्या कफात जंतू वस्तीला येतात आणि वर्षानुवर्षं फुप्फुस पोखरतात.

या रोगाचं जनुक सापडलं १९८९मध्ये, लॅप-ची त्सुई, जॉन रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांना. एकच जनुक बिघडलेलं, ते कुठलं हे माहीत, बिघाड मुख्यतः फुप्फुसात, आणि फुप्फुसाला तर सरळ नाकातोंडातून वाट. अवघ्या चार वर्षांत, १९९३मध्ये, अमेरिकेत सर्दीच्या विषाणूवर, म्हणजे अडेनोव्हायरसवर, हे जनुक बसवून रुग्णांच्या नाकात आणि श्वासनलिकेत सोडलंसुद्धा. अशा घाईला कारण होतं. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींमध्ये हा विषाणू अगदी सहज शिरत होता. बशीत असंही दिसलं होतं की थरातल्या शंभरपैकी सहा ते दहा पेशी दुरुस्त झाल्या तरी साऱ्या थराचं क्षारवहन सुधारतं. मग अवघड ते काय राहिलं?

अवघड होतं ते खुद्द फुप्फुस. आपण दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा आत ओढतो. तिच्यासोबत चुलीचा धूर येतो, जिनिंगमधली कापसाची कस्तर येते, उन्हाळ्यात धुळ्याच्या रस्त्यावरची माती येते, आणि विषाणू तर अगणित. या सगळ्याला रोज बाहेर काढत राहणं हेच ज्याचं काम, तो अवयव आपण पाठवलेला पाहुणा ओळखून त्याला आत कसा घेईल? श्वासनलिका दुभंगत दुभंगत तेवीस पिढ्या खाली जातात आणि त्यांच्या आतून कफाचं पातळ अस्तर असतं. त्याखाली सूक्ष्म रोमक सेकंदाला दहाहून अधिक वेळा फटकारे मारत ते अस्तर सतत घशाकडे ढकलत असतात. आपण नकळत गिळून टाकतो. औषधाचा विषाणू पेशीपर्यंत पोचण्याआधीच या सरकत्या पट्ट्यावर अडकून पोटात जातो. वाफाऱ्याच्या यंत्रातून दिलेला थेंब मोठा असेल तर घशातच बसतो. एक ते पाच मायक्रॉनचा असेल तर खोल जातो, पण तिथे भक्षक पेशी गस्तीला असतातच. ज्याला औषधाची गरज आहे त्या रुग्णाचा कफ तर निरोगी माणसापेक्षा कितीतरी चिकट, मेलेल्या पांढऱ्या पेशींच्या डीएनएच्या धाग्यांनी जाळं झालेला. जिथे गरज सर्वांत जास्त तिथेच वाट सर्वांत बंद. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

समजा विषाणू कफ पार करून गेला. पुढे पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की मधून शिरता येत नाही, म्हणजे पेशीच्या वरच्या अंगानंच शिरायला हवं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कळलं की अडेनोव्हायरस ज्या दारातून आत शिरतो ते दार, म्हणजे त्याचा रिसेप्टर, श्वासनलिकेच्या पेशींच्या खालच्या बाजूला असतं, सांध्यांच्या पलीकडे. बशीतल्या पेशी सपाट, विस्कळीत पडलेल्या होत्या, त्यांचं दार उघड्यावर होतं. शरीरातल्या पेशी शिस्तीत उभ्या असतात आणि दार मागच्या अंगणात असतं.

इथे एक शंका येतेच. मग सर्दी आपल्याला होते कशी? रोगाच्या विषाणूला एक फट पुरते. कुठेतरी सांधा खरचटलेला असतो, तिथून दोन-चार कण शिरतात, आत स्वतःच्या लाखो प्रती काढतात आणि खालून पसरतात. औषधाच्या विषाणूची वाढण्याची शक्ती आपण काढून घेतलेली असते, रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी. त्यामुळे त्याच्या प्रत्येक कणाला स्वतःच्या बळावर एक पेशी गाठावी लागते. रावेर-यावलच्या केळी उत्पादकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. केळीवरचा हरण्या रोग विषाणूचा, पण तो विषाणू झाडाची पेशीभित्ती आपल्या जोरावर फोडत नाही. मावा आपली सोंड खुपसतो आणि त्या भोकातून तो आत जातो. मावा नसेल तर विषाणू पानावर बसून वाळतो. दार कुणी उघडायचं, हा विषाणूच्या जगातला पहिला प्रश्न असतो, आणि १९९३मध्ये नेमका तोच विचारायचा राहिला.

मग जनुक वाहून नेणारा दुसरा विषाणू, म्हणजे दुसरा वाहक आला, एएव्ही (अडेनो-असोसिएटेड व्हायरस). हा बिचारा निरुपद्रवी, माणसाला त्याचा कुठलाच आजार ठाऊक नाही, आणि आकार एवढा लहान, सुमारे २५ नॅनोमीटर, की एका मिलिमीटरात चाळीस हजार कण ओळीनं बसतील. लहानपण हाच त्याचा गुण आणि हीच अडचण. त्याच्या पोटात साधारण ४,७०० अक्षरांएवढं जनुकद्रव्य मावतं. सीएफटीआर प्रथिनात १,४८० अमिनो आम्लं. प्रत्येकाला तीन अक्षरं आणि शेवटी पूर्णविरामाची तीन, म्हणजे ४,४४३ अक्षरं. विषाणूची दोन टोकं ठेवावीच लागतात, ती १४५ची एकेक. बेरीज करून पाहा, ४,७३३. जनुकाला चालू करणारं बटण कुठे बसवायचं? सुरुवातीच्या प्रयोगांत ते बटण जवळजवळ नव्हतंच, विषाणूच्या टोकातल्या दुबळ्या चालकशक्तीवर भागवलं. वाफाऱ्यातून महिन्याच्या अंतरानं दोन मात्रा देऊन शंभरावर रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७मध्ये आले, आणि फुप्फुसाच्या क्षमतेत सुधारणा दिसली नाही. विरोधक ज्याला ‘भोपळा’ म्हणत होते तो हा.

पण या भोपळ्याच्या आत पाहायला हवं. त्या उपचारात धोका आढळला नाही. अडलं ते पोचण्यात, जागेत, आणि सर्वांत जास्त म्हणजे स्मरणात. शरीर विषाणूचं आवरण लक्षात ठेवतं. पहिल्या मात्रेनंतर प्रतिपिंडं तयार होतात आणि दुसरी मात्रा आली की ती दारातच धरली जाते. पुष्कळ प्रौढांमध्ये तर जुन्या नैसर्गिक संसर्गामुळे ती पहिल्या मात्रेआधीच हजर असतात. शिवाय एएव्हीनं आणलेलं जनुक पेशीच्या गुणसूत्रात कायमचं जोडलं जात नाही, ते बाजूला पडून राहतं. श्वासनलिकेच्या वरच्या पेशी काही काळानं झडतात, खालच्या मूळ पेशींतून नव्या येतात, आणि या नव्या पेशी पुन्हा तोच बिघाड घेऊन येतात. म्हणजे फुप्फुसात एकदाच देऊन भागत नाही, कारण पेशी बदलतात, आणि दुसऱ्यांदा देता येत नाही, कारण शरीर विसरत नाही. सगळी कोंडी या एका वाक्यात आहे. सभागृहात हे वाक्य कुणी उच्चारलं असतं तर अर्धं भांडण तिथेच मिटलं असतं.

कोविडच्या लसीचा दाखला त्या दिवशी मोठ्या आत्मविश्वासानं दिला गेला. कोविशील्ड म्हणजे चिंपांझीच्या अडेनोव्हायरसवर बसवलेलं जनुकच होतं, कोट्यवधी लोकांनी दंडावर घेतलं. भारतात तर नाकात थेंब टाकायची तशीच लसही २०२३च्या २६ जानेवारीला आली. मग औषध का नाही? दाखला खरा आहे, निष्कर्ष उलटा आहे. लसीला शरीर जागं करायचं असतं. काही पेशींत जनुक काही दिवस चाललं, प्रतिकारशक्तीनं त्या पेशी हुडकून काढल्या, तर लस यशस्वी झाली. जनुकोपचारात जनुक चाललेल्या पेशी प्रतिकारशक्तीनं हुडकल्या तर उपचार बुडाला. तोच वाहक आणि तेच तंत्र, पण एकाला गोंगाट हवा आणि दुसऱ्याला शांतता. आणि सिकलसेलचं उदाहरण? तिथे रक्ताच्या मूळ पेशी शरीराबाहेर काढतात, प्रयोगशाळेत दुरुस्त करतात, तपासतात, मग परत घालतात. फुप्फुस बाहेर काढून दुरुस्त करता येत नाही. जे करायचं ते खोकणाऱ्या, श्वास घेणाऱ्या माणसाच्या आत करायचं.

आता इतिहासातला एक निकाल सांगतो, ज्याकडे दोन्ही बाजूंचं लक्ष गेलेलं नाही. फुप्फुसाच्या जनुकोपचारात रुग्णांच्या श्वासात मोजता येईल असा फरक दाखवणारी मोठी चाचणी २०१५मध्ये ब्रिटनमधून आली. त्यांनी विषाणू वापरलाच नाही. जनुक चरबीच्या थेंबात गुंडाळून वाफाऱ्यातून दिलं. हे वाहन विषाणूच्या मानानं फारच दुबळं. मग निवडलं का? कारण चरबीच्या थेंबाला विषाणूचं आवरण नसतं, शरीर त्याला धरून ठेवत नाही, महिन्याच्या महिन्याला देता येतं. किमान नऊ मात्रा घेतलेल्या ११६ रुग्णांत वर्षाअखेरीस औषध आणि बिनऔषधाच्या गटांमध्ये श्वासाच्या क्षमतेचा ३.७ टक्क्यांचा फरक पडला. तो प्रामुख्यानं घसरण थांबल्याचा फरक होता, मोठ्या सुधारणेचा नव्हे. फरक लहान आहे, मी तो फुगवून सांगणार नाही. पण दुबळं वाहन दर महिन्याला जाऊन जे करू शकलं, ते बलवान वाहनं एक-दोनदा जाऊन करू शकली नाहीत, ही गोष्ट लहान नाही.

पांझरेच्या काठच्या माणसाला मी हे एका शब्दात सांगेन: पाळी. आपल्या फड पद्धतीत शेकडो वर्षं हेच चाललं. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चारी, आणि प्रत्येक फडाला ठरलेल्या पाळीनं पाणी. पाटकरी बांध फोडून देतो, वेळ झाली की पुन्हा बांधतो. एकाच दिवशी नदी शेतात सोडून कुणी वर्षाचं पीक काढलेलं नाही. तेवढ्यानं पीक वाहून जातं आणि आठ दिवसांत जमीन पुन्हा भेगाळते. पाणी किती आहे यापेक्षा ते परत कधी येणार आहे आणि चारी उघडी आहे का, यावर शेत जगतं. फुप्फुसाचं तसंच आहे. १९९३ ते २००७ या काळात सगळी बुद्धी पाण्याच्या लोंढ्यावर खर्च झाली, चारीवर आणि पाळीवर फार थोडी.

ब्रिटनच्या त्याच संशोधकांचं पुढचं पाऊल म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी लेंटिव्हायरस या वाहकावर जपानमध्ये सापडलेल्या सेंदाई विषाणूची दोन प्रथिनं चढवली. सेंदाई हा उंदरांच्या श्वासमार्गाचा विषाणू, त्याला पेशीच्या वरच्या अंगानं शिरायची सवय आहे, मागच्या दाराची गरज नाही. या वाहकात सीएफटीआर ऐसपैस मावतं, ते गुणसूत्रात जोडलं जातं म्हणून जास्त टिकतं, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत तो पुन्हा दिला तरी काम करताना दिसला. आता माणसांवर त्याची पहिली चाचणी सुरू झाली आहे. दुसरीकडे एएव्हीची हजारो नवी आवरणं तयार करून, त्यातलं कुठलं आवरण वानरांच्या फुप्फुसात कफ ओलांडून पोचतं ते निवडायचं, असाही मार्ग चालू आहे. यातलं काय टिकेल हे चाचण्या ठरवतील. उंदरावर भिस्त ठेवता येत नाही, कारण सीएफटीआर बिघडवलेल्या उंदराला माणसासारखा फुप्फुसाचा आजार होतच नाही. तो होतो डुकरात आणि फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात, आणि असे प्राणी तयार व्हायला २००८ उजाडलं. म्हणजे मधली कितीतरी वर्षं आपण चुकीच्या शेतात बियाणं तपासत होतो.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा मृत्यूंचा आहे आणि तो मी बाजूला सारणार नाही. सप्टेंबर १९९९मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा जनुकोपचाराच्या चाचणीत गेला. त्याच्या यकृताकडे जाणाऱ्या रोहिणीत अडेनोव्हायरस मोठ्या मात्रेत सोडला होता आणि त्याच्या प्रतिकारशक्तीनं भडका उडवला. त्याचा आजार पथ्य आणि औषधांवर आटोक्यात होता, तो मरणाच्या दारात नव्हता. पुढच्या चौकशीत चाचणीच्या नियमांत कुचराई झाल्याचंही समोर आलं. त्यानंतर पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीच नसलेल्या बालकांना दुसऱ्या एका विषाणूतून जनुक दिलं, मुलं बरी झाली, आणि २००२मध्ये त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग होऊ लागल्याचं कळलं, कारण विषाणूनं जनुक नको त्या ठिकाणी जोडलं होतं. मी ज्या लेंटिव्हायरसची आशा बाळगतो तोही गुणसूत्रात जोडला जाणाराच आहे. त्याची रचना पॅरिसच्या वाहकापेक्षा सुरक्षित केलेली आहे, फुप्फुसाच्या पेशी रक्ताच्या मूळ पेशींइतक्या भराभर विभागत नाहीत, तरीही या रुग्णांवर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागेल. याला पळवाट नाही.

पण मृत्यूवरून काय निष्कर्ष काढायचा? आपल्या मुंबईतच हा प्रश्न एकदा विचारला गेला आहे. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी १८९७च्या जानेवारीत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी त्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. हाफकिन यांना पदावरून दूर केलं, लस बदनाम झाली. पाच वर्षांनी, १९०७मध्ये, ते निर्दोष ठरले. ती एक बाटली दूषित झाली होती. गेल्सिंगरचं प्रकरण तंतोतंत तसं नाही, हे मला माहीत आहे. तिथे दोष बाटलीचा नव्हता, वाहक आणि मात्रा यांचाच होता. पण दोन्हीकडे उपयोगी पडलं ते एकच: नेमकं कशानं मेलं याचा शोध. गेल्सिंगरनंतर यकृताकडे अडेनोव्हायरस धो-धो सोडणं थांबलं, एएव्हीकडे वळणं झालं, आणि त्याच वाटेनं २०१७मध्ये अंधत्वावरचा आणि २०१९मध्ये लहान मुलांचे स्नायू खंगवणाऱ्या आजारावरचा उपचार मंजूर झाला. ज्यांनी ‘विषाणू म्हणजे मृत्यू’ म्हणून दार लावलं असतं, त्यांनी ती मुलंही बाहेर ठेवली असती.

समर्थकांशीही माझं भांडण तितकंच आहे, कारण त्यांच्या भाषेनं नुकसान कसं होतं ते खानदेशानं कापसात भोगलं आहे. २००२ साली बीटी कापूस आला तेव्हा एक बाजू अमृत म्हणत होती, दुसरी विष. पहिली काही वर्षं बोंडअळी खरंच हटली. बियाण्याच्या पाकिटासोबत रेफ्युजीचं साधं बियाणं येत होतं, ते कडेनं लावा म्हणजे अळीत प्रतिकार तयार व्हायला वेळ लागेल, असं सांगितलं होतं. पण ‘एकदा बीटी लावली की चिंता संपली’ हे इतक्या मोठ्यानं सांगितलं गेलं की ते लहान पाकीट कितीतरी शेतांत बांधावरच पडून राहिलं. २०१७मध्ये गुलाबी बोंडअळीनं उभं पीक खाल्लं. अळीचा प्रतिकार पिढ्यांमधून उत्क्रांत होतो आणि शरीराचा प्रतिकार एकाच माणसात आठवणीनं तयार होतो, यंत्रणा वेगळ्या आहेत. पण दोन्हीकडे जिवंत व्यवस्था उत्तर देते, हे विसरून दिलेलं वचन अंगलट येतं. उद्या फुप्फुसाचा उपचार आला, दोन-तीन वर्षांनी त्याचा जोर ओसरला, आणि लोकांना ‘कायमचा बरा’ असं सांगितलेलं असेल, तर विश्वास कुणावर राहील?

राहिला मुद्दा चोचल्यांचा. तो ऐकून मला राग येतो, तरी त्याच्यातलं खरं आधी मानतो. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे चौथाई भारतात आहेत. टीबीचं औषध संपलं असताना कुणी जनुकोपचाराचं भाषण दिलं तर मीही उठून जाईन. शिवाय सिस्टिक फायब्रोसिसवर आता गोळ्याही आहेत. २०१९मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली तीन औषधांची एकत्रित गोळी तिथल्या बहुतेक रुग्णांचं आयुष्य बदलून गेली. मग जनुकोपचार हवा कशाला? कारण या गोळ्या बिघडलेलं प्रथिन सावरतात. ज्या मुलाच्या जनुकात मध्येच पूर्णविराम पडला आहे, त्याच्या पेशीत प्रथिन बनतच नाही, सावरायचं काय? युरोपीय वंशाच्या रुग्णांत जो एक बदल बहुतेकांत सापडतो, त्याचं प्रमाण भारतीय रुग्णांत बरंच कमी आहे आणि इतर नाना प्रकारचे बदल जास्त आहेत. म्हणजे त्या गोळ्या ज्यांना लागू पडणार नाहीत अशांचा वाटा आपल्याकडे मोठा. माझ्या विद्यार्थ्याचा मुलगा त्यांतलाच आहे. गोळ्यांची अमेरिकेतली किंमत वर्षाला ३ लाख ११ हजार डॉलर होती. त्याच्या बापाला मी ती सांगितलीच नाही, कारण फुकट मिळाल्या असत्या तरी त्याला उपयोग नव्हता. या जनुकात कुठलाही बिघाड असो, संपूर्ण नवी प्रत पोचवणारा उपचार हाच अशा मुलांसाठी रस्ता आहे. श्रीमंत देशांतल्या मोजक्यांचा उरलेला प्रश्न आपल्याकडे कितीतरी जास्त रुग्णांचा प्रश्न आहे. ज्याला चोचले म्हणता ते नेमकं कुणाचे?

किंमतीचं रडगाणंही अटळ नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिलेली, रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती २०२३मध्ये मंजूर झाली, आणि परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शात मिळू लागला. तिच्यातही रुग्णाच्या पेशींत जनुक घालायला लेंटिव्हायरसच वापरतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर लेंटिव्हायरसचाच जनुकोपचार केला आणि २०२४च्या डिसेंबरात तो जगापुढे मांडला. वाहक बनवायचं, शुद्ध करायचं, रुग्णावर नजर ठेवायची विद्या देशात आली आहे. ती फुप्फुसाकडे वळवायची तर पुन्हा देता येणारा वाहक हे उद्दिष्ट आजच ठरवावं लागेल, कारण एका मात्रेच्या किंमतीवर उभा राहिलेला धंदा दर वर्षाच्या पाळीचा विचार आपणहून करणार नाही.

आणि त्याआधीचं काम तर कुठल्याही प्रयोगशाळेची वाट पाहत नाही. घामाची तपासणी म्हणजे हाताच्या कातडीवर पायलोकार्पिन लावून सौम्य विद्युतप्रवाहानं घाम आणायचा, अर्धा तास गोळा करायचा आणि त्यातलं क्लोराइड मोजायचं. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा जास्त निघालं तर रोगाची दाट शक्यता. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या ज्या मुलांना टीबीची औषधं देऊनही खोकला जात नाही, वजन भरत नाही, त्यांना ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळायला हवी, मुंबईला न पाठवता. ज्यांना रोग निघेल त्यांच्या जनुकातला बदल नोंदवायला हवा. सिकलसेलसाठी २०२३पासून सात कोटी लोकांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, पाड्यावर जाऊन रक्त घेणाऱ्या ताई आपल्याकडे आहेत, कार्डं आहेत, नोंदवह्या आहेत. त्या ताईंच्या प्रश्नांच्या यादीत आणखी एक प्रश्न घालायला किती खर्च येतो? बाळाचा मुका घेतला की तोंड खारट होतं का, एवढाच. ते उत्तर देऊ शकणारी आई प्रत्येक घरात आहे.